एका गीतापाशी थांबून: क्वायरची पारंपरिक स्तोत्रगीतं ऐकायला शिकताना

क्वायरची, म्हणजे चर्चमधल्या गायकवृंदाची, पारंपरिक स्तोत्रगीतं ऐकायची असं ठरवून बरेच जण पहिल्याच दिवशी तासाभराची प्लेलिस्ट लावतात. पहिलं गीत आवडतं. दुसरंही बरं वाटतं. चौथ्या-पाचव्यापर्यंत सगळं एकसारखं ऐकू येऊ लागतं: तेच संथ सूर, तोच ऑर्गन, तीच गोडी. मग 'छान आहे, पण आपल्याला यातलं कळत नाही' असं म्हणून माणूस बाजूला होतो. माझंही कितीतरी महिने असंच चाललं होतं.

स्तोत्रगीत मुळात मैफलीसाठी रचलेलं नसतं. उपासनेला जमलेल्या मंडळीनं ते एकत्र गायचं असतं. गाणं न शिकलेल्या माणसालाही दोनदा ऐकून म्हणता यावं म्हणून चाल सोपी ठेवलेली असते, आणि एकदा बसलेली चाल सगळ्या कडव्यांना पुरते. त्यामुळे नुसती चाल ऐकत राहिलात तर पहिल्या कडव्यातच ऐकण्यासारखं संपल्यासारखं वाटतं. खरी हालचाल चालीच्या खाली, क्वायरच्या बाकीच्या तीन आवाजांत असते. आणि दर कडव्याला बदलणाऱ्या शब्दांत असते. ती ऐकू यायला लागेपर्यंत एकाच गीतापाशी थांबायचं, एवढाच माझा आग्रह आहे. स्वरलेखन वाचता आलं नाही तरी चालेल, आणि श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. शब्दांकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही.

पहिली पायरी: एक गीत निवडा आणि आठवडाभर तेच ऐका

सुरुवातीला 'अबाइड विथ मी' घ्या असं मी सुचवेन. हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सम या मच्छीमारांच्या बंदरगावी धर्मोपदेशक होते. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये ते वारले. हे गीत त्यांच्या अखेरच्या काळातलं म्हणून ओळखलं जातं. आज जी चाल सगळीकडे गातात, ती मात्र १८६१ ची. विल्यम हेन्री मंक यांनी 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या गीतसंग्रहासाठी ती रचली आणि तिला नाव दिलं 'इव्हन्टाइड', म्हणजे सांजवेळ. म्हणजे लाइट यांच्या कानांवर ही चाल कधी पडलीच नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि मध्ये काही वर्षांचं अंतर, हे स्तोत्रगीतांच्या जगात अगदी नेहमीचं आहे. पुढे शोधाशोध करताना ही गोष्ट फार कामाला येते.

हेच गीत का? चाल संथ आहे, त्यामुळे खालचे आवाज ऐकायला वेळ मिळतो. चार ओळींत सगळं आटोपतं. आणि ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत: तीसेक आवाजांच्या कॅथेड्रल क्वायरपासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत. इंग्लंडमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात १९२७ पासून हे गीत गायलं जातं.

दुसरी पायरी: ऐकण्याआधी शब्द मोठ्यानं वाचा

ही पायरी गाळाविशी वाटते. गाळू नका. 'हिम्नरी डॉट ऑर्ग' या संकेतस्थळावर बहुतेक जुन्या गीतांचे शब्द, चालीचं नाव आणि रचनेचं वर्ष एकत्र मिळतं. शब्द समोर घ्या आणि बातमी वाचावी तसे नाही, कुणाला तरी सांगावे तसे सावकाश वाचा. 'दाऊ', 'दाय' म्हणजे तू, तुझा, एवढं ठाऊक असलं की निम्मी अडचण संपते.

'अबाइड विथ मी'ची मूळ कडवी आठ, त्यातली बहुधा पाच गायली जातात. मागे बायबलमधला एक प्रसंग आहे. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य येशूला न ओळखताच त्याच्याबरोबर चालतात, आणि दिवस उतरल्यावर 'आता आमच्याकडेच राहा' असा आग्रह धरतात. लाइट यांनी तो आग्रह मरणाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी घातला. पहिल्या कडव्यात अंधार दाटून येतो. दुसऱ्यात आयुष्याचा छोटासा दिवस ओहोटीसारखा ओसरतो. मग विनवणी येते, मग 'मला कुणा शत्रूचं भय नाही' हा धीर, आणि शेवटच्या कडव्यात मिटत्या डोळ्यांपुढे क्रूस धरण्याची प्रार्थना करता करता स्वर्गातली पहाट उजाडते. संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा हा प्रवास डोक्यात असला की पाच वेळा आलेली एकच चाल पाच वेगळ्या ठिकाणी उभी दिसते.

वाचताना अक्षरंही मोजा. प्रत्येक ओळीत दहा. आपल्या अभंगात जशी सहा-सहा-सहा-चार अशी मोजणी असते, तशीच मोजणी इथेही असते, आणि ती पुस्तकात चालीच्या नावाशेजारी आकड्यांत छापतात. यावर सातव्या पायरीत पुन्हा येऊ.

तिसरी पायरी: साधनं

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मोठ्या ऑर्गनमध्ये ३२ फूट लांबीच्या नळ्या असतात आणि त्यातल्या सर्वांत खालच्या सुराची कंपनं सेकंदाला साधारण १६ असतात. फोनच्या स्पीकरमधून ती येतच नाहीत. मानवी बासचा, म्हणजे पुरुषांचा सर्वांत खालचा, आवाजही त्यातून पातळ होऊन येतो. साधे वायरचे हेडफोन पुरेत. बास वाढवणारी सेटिंग बंद करा, आणि सगळी गाणी एकाच पातळीवर आणणारी सोय असेल तर तीही बंद करा. क्वायरचा हळू आवाज खरोखर हळूच ऐकू यायला हवा, नाहीतर शेवटच्या कडव्याला अर्थ उरत नाही. सुरुवातीच्या हळू भागावर आवाज ठरवू नका, पुढे दचकाल.

संगणकानं वाजवलेल्या फाइलीही पुष्कळ भेटतात. त्यात श्वास नसतो. सरावाला ठीक, ऐकायला नकोत.

चौथी पायरी: चाल सरगममध्ये ओळखा

ऑर्गन आधी एखादी ओळ एकटाच वाजवतो. ती मंडळीला सूर आणि लय देण्यासाठी असते. तीच ओळ धरून बसा. 'इव्हन्टाइड'ची पहिली ओळ आपल्या सरगममध्ये अशी: ग ग रे सा प, ध प प म ग. दोन पावलं खाली उतरून षड्जावर टेकते आणि तिथून एकदम पंचमावर जाते. थकलेल्या माणसानं बसता बसता वर पाहावं तसं.

दुसरी ओळ: ग म प ध प म रे ग, मग तीव्र मध्यम, आणि प. एकाच ओळीत दोन्ही मध्यम! शुद्ध मध्यम आधी दोनदा येऊन गेलेला असतो, आणि ओळ संपताना तीव्र मध्यम पंचमाकडे ढकलतो. त्या क्षणी पंचमच नवा षड्ज झाल्यासारखा वाटतो. तानपुरा चालू असता तर असं वाटलं नसतं. इथं सतत वाजणारा आधारस्वर नाही, खालचा बास स्वतः सरकतो आणि घराची जागाच बदलतो. पाश्चात्त्य संगीतात याला मॉड्युलेशन म्हणतात. तिसरी ओळ पुन्हा पहिल्यासारखीच ग ग रे सा प अशी निघते, म्हणजे आपण परत मूळ घरी. हा जाऊन येण्याचा खेळ पाचही कडव्यांत ऐका. पहिल्या कडव्यात तो 'अबाइड' या शब्दावर, म्हणजे 'राहा' या विनवणीवर येऊन थांबतो. मला तर त्या तीव्र मध्यमासाठीच हे गीत पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं.

हार्मोनियम किंवा की-बोर्ड असेल तर या दोन ओळी वाजवून पाहा. नसेल तर गुणगुणा. चाल तोंडात बसल्याशिवाय पाचवी पायरी जमणार नाही.

पाचवी पायरी: चार आवाज वेगळे काढा

इथं घाई करू नका. सगळ्या लेखात मोलाची पायरी हीच.

क्वायरमध्ये चार थर असतात. सोप्रानो सर्वांत वर. बहुतेक वेळा चाल तिच्याकडे. तिच्या खाली आल्टो, मग पुरुषांचा वरचा आवाज टेनर, आणि तळाला बास. चौघंही तेच शब्द, बहुतांशी एकाच वेळी म्हणतात, पण सूर वेगवेगळे. एका सुरावलीची सवय असलेल्या कानाला हे सगळं मिळून एक जाडसर, मऊ आवाज वाटतो. तो उलगडायचा कसा?

चाल नेहमी वरच असायची असं मात्र नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेच्या काळात, १५२४ मध्ये, योहान वाल्टर यांनी विटेनबर्गमध्ये क्वायरसाठी जो संग्रह काढला त्यात चाल बहुतेक ठिकाणी टेनरमध्ये, म्हणजे मधल्या थरात लपलेली होती. सामान्य माणसाला ती पकडता येईना. १५८६ मध्ये लुकास ओझिआंडर यांनी पन्नास गीतांच्या संग्रहात चाल सोप्रानोत आणून ठेवली, मंडळीला ती ओळखू यावी आणि सोबत गाता यावी म्हणून. आज आपल्याला चाल सहज ऐकू येते त्यामागे तो निर्णय आहे.

आता प्रत्यक्ष कृती. एकच कडवं निवडा आणि ते सलग चार-पाच वेळा लावा. पहिल्या वेळी फक्त चालीसोबत जा. दुसऱ्या वेळी चाल सोडून बास धरा. सोपं जावं म्हणून ओळीच्या शेवटच्या सुरावर लक्ष ठेवा: तिथं सगळे थांबतात आणि तळ स्पष्ट ऐकू येतो. शेवटचा सूर सापडला की पुढच्या खेपेला शेवटचे दोन, मग तीन, असं मागे मागे सरका. बास लांब उड्या घेतो, म्हणून एकदा सापडला की निसटत नाही.

तिसऱ्या वेळी टेनर. पुरुषाचा आवाज वरच्या पट्टीत गेला की त्यात एक ताण येतो, तांब्याच्या तारेसारखा. त्या पोतावरून तो ओळखा, सुरावरून नको.

आल्टो सर्वांत अवघड. तिच्या वाट्याला दोन-तीन सुरांतच फिरणं येतं. कधी कधी सगळी ओळ ती जवळपास एकाच सुरावर म्हणते. मला आल्टो पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा रात्र होती, हेडफोन होते, आणि तिसऱ्या ओळीत वरची चाल खाली येत असताना तिच्याखाली एक सूर जागचा हललाच नाही. चाल त्याच्याजवळ आली, जवळजवळ टेकली आणि मग दोघी मिळून उतरल्या. ते कडवं मी त्या रात्री किती वेळा लावलं ते मोजलं नाही. त्यानंतर स्तोत्रगीतं मला कधी एकसारखी वाटली नाहीत.

कान अडत असतील तर एक सोय आहे. अनेक क्वायर आपल्या गायकांसाठी सरावाच्या फाइली बनवतात, त्यात एक आवाज मोठा आणि बाकीचे मागे असतात. गीताच्या नावापुढे 'आल्टो पार्ट' असं लिहून शोधलं की सापडतात. दोन दिवस ती ऐकून पुन्हा खऱ्या ध्वनिमुद्रणाकडे या.

आणखी एक छोटी गोष्ट: व्यंजनं. चांगल्या क्वायरमध्ये ओळीच्या शेवटचा 'ट' किंवा 'स' सगळे जण एकाच क्षणी सोडतात. तीस माणसं आणि एक 'ट'. हे ऐकलं की संचालकानं किती मेहनत घेतली ते कळतं. श्वासही तसाच. ओळ संपली तरी वाक्य संपलं नसेल तर समजूतदार क्वायर श्वास न घेता पुढच्या ओळीत शिरतो. शब्द समोर असतील तरच हे लक्षात येतं.

सहावी पायरी: कडव्यागणिक काय बदलतं त्याची नोंद करा

यासाठी दुसरं गीत घ्या: 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'. शब्द सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांचे, १८४८ चे. चाल हेन्री गॉंटलेट यांची, नाव 'अर्बी'. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये १९१८ पासून ख्रिस्तजन्माच्या पूर्वसंध्येला नऊ वाचनं आणि गीतांची उपासना होते. बीबीसी रेडिओवरून ती १९२८ मध्ये पहिल्यांदा प्रसारित झाली. तिची सुरुवात अनेक दशकं याच गीतानं होते आहे, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात.

कागद घ्या आणि कडव्यांचे आकडे एकाखाली एक लिहा. पहिल्यासमोर लिहाल: एकटा मुलगा, साथ नाही. एवढ्या मोठ्या दगडी वास्तूत एक कोवळा आवाज, गोठ्यातल्या आईची आणि बाळाची गोष्ट सांगतो. दुसऱ्यासमोर: पूर्ण क्वायर, चार थर, अजूनही साथ नाही. तळाचा बास उघडतो तेव्हा खोलीचा दरवाजा उघडल्यासारखं वाटतं. त्यापुढे ऑर्गन येतो, मंडळी उठते, आणि शेकडो माणसं चाल गाऊ लागतात. शेवटच्या कडव्यात मुलांचे आवाज चाल मंडळीकडे सोपवून तिच्याही वर एक नवीच सुरावली गातात. तिला डेस्कंट म्हणतात.

डेस्कंटच्या बाबतीत डेव्हिड विलकॉक्स हे नाव लक्षात ठेवा. ते १९५७ ते १९७४ या काळात किंग्जचे संगीत संचालक होते आणि त्यांनी रचलेले डेस्कंट आज जगभर गायले जातात. डेस्कंट चालू असताना नवख्या माणसाचे कान वर खेचले जातात. एकदा तसं होऊ द्या. दुसऱ्यांदा मात्र मुद्दाम ऑर्गन ऐका. याच ठिकाणी ऑर्गनवादक बहुधा चालीखालचे नेहमीचे स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, बदलून टाकतो. मंडळी तीच चाल एकसुरात गात राहते, आणि तिच्या पायाखालची जमीन नवी होते.

इतर गीतांतही ऑर्गनवादक शब्द पाहूनच नळ्यांचे संच निवडतो. अंधाराच्या कडव्याला मऊ, बंद नळ्या. विजयाच्या कडव्याला झगझगीत. 'अबाइड विथ मी'च्या चौथ्या आणि पाचव्या कडव्याची तुलना करा. धीराचं कडवं मोठ्यानं गाऊन शेवटचं एकदम हळू सुरू करणारे क्वायर भेटतील. कुणी शेवटच्या पहाटेपर्यंत आवाज वाढवत नेतात, कुणी मिटत्या डोळ्यांशी इमान राखून हळूच संपवतात. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण मागणं अखेरपर्यंत मागणंच राहतं.

सातवी पायरी: शोधताना चालीचं नाव वापरा

शब्दांवरून शोधलंत तर भलतीच चाल हाती येऊ शकते. 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम' हे फिलिप्स ब्रूक्स यांचं गीत अमेरिकेत 'सेंट लुइस' या चालीवर गातात आणि इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट ग्रीन'वर. ही दुसरी चाल रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांनी लोकगीतावरून घेऊन १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये घातली. आयझॅक वॉट्स यांचं १७०७ चं 'व्हेन आय सर्व्हे द वंडरस क्रॉस' इंग्लंडमध्ये 'रॉकिंगहॅम'वर ऐकू येईल, अमेरिकेत बहुधा 'हॅम्बर्ग'वर. म्हणून गीताच्या नावासोबत चालीचं नाव टाका.

हे शक्य होतं ते अक्षरांच्या मोजणीमुळे. ८-६-८-६ या मापाला कॉमन मीटर म्हणतात, ८-८-८-८ ला लाँग मीटर. माप जुळलं की शब्द एका चालीवरून उचलून दुसऱ्या चालीवर ठेवता येतात. 'अमेझिंग ग्रेस' हे जॉन न्यूटन यांनी १७७३ च्या पहिल्या दिवसासाठी लिहिलं. आज ज्या चालीशिवाय ते सुचतच नाही ती 'न्यू ब्रिटन' त्याला जोडली गेली १८३५ च्या 'सदर्न हार्मनी' या अमेरिकन संग्रहात, म्हणजे साठ वर्षांनी. ते ८-६-८-६ आहे. 'सेंट ॲन' ही चालही त्याच मापाची. तिच्यावर 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द म्हणून पाहा. तेच शब्द एकदम ताठ उभे राहतात.

चाली भाषाही ओलांडतात. 'ओल्ड हंड्रेड्थ' जिनिव्हातल्या १५५१ च्या फ्रेंच स्तोत्रसंग्रहात बायबलमधल्या १३४ व्या स्तोत्राला लावलेली होती. इंग्रजीत ती १०० व्या स्तोत्राला लागली आणि तेच तिचं नाव झालं.

एक सावधगिरी: ॲपवर दिसणारं वर्ष कित्येकदा पुनर्प्रकाशनाचं असतं. संचालकाचं नाव पाहा, त्यावरून खरा काळ कळतो.

आठवी पायरी: कोण गातंय आणि कुठे, ते ओळखा

इंग्लिश कॅथेड्रलमध्ये शतकानुशतकं वरचा आवाज लहान मुलांचाच असायचा. सॉल्झबरी कॅथेड्रलनं १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र क्वायर सुरू केला आणि मग इतर ठिकाणीही मुली गाऊ लागल्या. मोठ्या स्त्रियांचा सोप्रानो अधिक भरदार असतो. संगीतकार जॉन रटर यांच्या 'केंब्रिज सिंगर्स'मध्ये तो ऐका, तिथं शब्दही लख्ख कळतात. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या टॅबरनॅकल क्वायरमध्ये साडेतीनशेच्या आसपास गायक असतात. तिथं भव्यता मिळते, पण पाचव्या पायरीतला आल्टोचा शोध तिथं घेऊ नका, हाती लागणार नाही.

वास्तूचा घुमारा हा तर पाचवा आवाजच. दगडी छताखाली ओळ संपल्यावरही सूर तरंगत राहतो, आणि संचालक त्याला जागा मिळावी म्हणून दोन ओळींत क्षणभर थांबतो. स्टुडिओतल्या कोरड्या ध्वनिमुद्रणात ते थांबणं नसतं. शिकताना कोरडं बरं, कारण थर वेगळे ऐकू येतात. नंतर घुमाऱ्याकडे जा.

नववी पायरी: आता दुसऱ्या प्रदेशांत जा

पहिली भेट जर्मनीला. संगीतकार बाख १७२३ पासून मरेपर्यंत, १७५० पर्यंत, लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचे संगीतप्रमुख होते. तिथला मुलांचा क्वायर, थोमानरकोर, १२१२ पासूनचा. तो आजही गातो. बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' या येशूच्या मरणकथेवरच्या मोठ्या संगीतरचनेत एकच चाल पाच ठिकाणी येते. तिचं मूळ हान्स लिओ हासलर यांच्या १६०१ च्या एका प्रेमगीतात आहे. पहिल्या दोन खेपांना स्वरमेळ तेच, फक्त दुसऱ्या वेळी पट्टी अर्ध्या स्वरानं खाली. आणि येशूच्या मृत्यूनंतर लगेच ती येते तेव्हा, 'मला कधीतरी जायचं असेल तेव्हा तू माझ्यापासून जाऊ नको' अशा अर्थाच्या शब्दांखाली, मधले आवाज अशा अनोळखी कोमल-तीव्र सुरांतून सरकतात की चाल तीच आहे हे ओळखायला क्षण जातो. पाचही जागा काढून एकापाठोपाठ लावा. पाचवी पायरी नीट झाली असेल तर इथं तिचं फळ मिळेल.

वेल्समध्ये वातावरण वेगळं. तिथं 'कमान्वा गानी' नावाचे गीतमेळावे भरतात. मंडळी आवाजांप्रमाणे बसते आणि चारही थर स्वतः गाते. 'कम रोंडा' ही जॉन ह्यूज यांची १९०७ ची चाल अशा मेळाव्यातली शोधा. शेवटची ओळ परत येते आणि वर चाल चढत असताना खालचे आवाज मागून उत्तर देतात. फक्त पुरुषांचे क्वायर ऐकायचे तर ट्रियॉर्की किंवा मॉरिस्टन ऑर्फियस.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं सेक्रेड हार्प गायन ऐकताना मात्र आधीचे सगळे निकष बाजूला ठेवा. १८४४ च्या त्याच नावाच्या पुस्तकातून हे गातात. गायक चौकोनात एकमेकांकडे तोंड करून बसतात, समोर श्रोते असे नसतातच. आधी सगळं गीत फा-सोल-ला-मी या सुरनामांनी म्हणतात, मग शब्दांनी. चाल टेनरमध्ये, म्हणजे वाल्टरच्या काळासारखी, आणि ती पुरुषही गातात, स्त्रियाही. आवाज मोकळा, खडा, कधी कानठळ्या बसवणारा. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९५९ मध्ये अलाबामातल्या फाइफ इथं केलेली ध्वनिमुद्रणं त्या चौकोनाच्या मधोमध नेऊन बसवतात. बेसूर वाटलं तर बंद करू नका. तीन गीतं जाऊ द्या.

स्कॉटलंडच्या लुइस बेटावरचं गेलिक भाषेतलं स्तोत्रगायन तर आपल्या कानाला फार लवकर भिडेल. एक जण ओळ पुकारतो, मंडळी ती उचलते, आणि जो तो आपापल्या हरकती-मुरक्यांनी सजवून गातो. हार्मनी नाही, साज नाही. एकच चाल शेकडो बारीक वळणांनी पसरत जाते, किनाऱ्यावरच्या पाण्यासारखी.

रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेतही वाद्य नसतं. संगीतकार राखमानिनोव्ह यांची १९१५ ची 'ऑल-नाइट व्हिजिल' ही गीतमाला स्तोत्रगीतांची जवळची नातलग आहे. तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी बास एकेक पायरी इतके खाली उतरतात की हेडफोन चांगले नसतील तर ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात. शांत रात्री ऐका.

दहावी पायरी: सोबत गा

परत 'इव्हन्टाइड'कडे या. चाल आता पाठ असेल. ती गाऊ नका. क्वायर ती गाईलच. तुमच्या गळ्याला झेपेल तो खालचा थर घ्या, आल्टो किंवा बास. स्वरलिपीची प्रत मोफत मिळते, कारण शब्द आणि चाल दोन्हींचे हक्क कधीच संपले आहेत. ती वाचता येत नसेल तर सरावाची फाइल लावून ओळीओळीनं पाठ करा. पहिले काही दिवस चाल तुम्हाला सारखी वर ओढेल. एक कान बोटानं बंद करून स्वतःचा सूर ऐका, म्हणजे टिकाल.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी, सोप्रानो तीव्र मध्यमावरून पंचमावर जाते तिथं, तुमचा सूर तिच्या सुराला कसा भिडतो ते लक्ष देऊन ऐका. तिथं न चुकता पोचलात की फाइल बंद करा, हेडफोनचा एक कान उघडा ठेवा आणि खऱ्या क्वायरसोबत पाचही कडवी गा.